अळी ओळखताना थांबावे कुठे?

ओढ्यातून गोळा केलेली कीटकाची अळी कुळापर्यंत (जवळच्या अनेक जातींच्या गटापर्यंत) ओळखून थांबावे की जातीपर्यंत जाण्याचा आग्रह धरावा, हे त्या पाण्याबद्दल आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे यावर ठरते. सांडपाण्यामुळे प्राणवायू घटला आहे का, एवढेच पाहायचे असेल तर बहुधा कुळ पुरते. ब्रिटनमधील बीएमडब्ल्यूपी ही पाण्यातील प्राण्यांवरून प्रदूषण जोखण्याची पद्धत याच पायावर उभी राहिली; जे कुळ प्रदूषण जितके कमी सोसते, तितके त्याला जास्त गुण. तिच्या मूळ तक्त्यात हेप्टाजेनिडी या मेफ्लायच्या (पाण्यात वाढणाऱ्या एका कीटकगटाच्या) कुळाला १० गुण आहेत, तर बेटिडी या मेफ्लायच्याच दुसऱ्या कुळाला ४. त्यामुळे नुसती ‘मेफ्लाय सापडली’ ही नोंद मला अपुरी वाटते.

कुळाच्याही आधी गण, म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट, चुकू नये. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे पाण्यातील कीटकांचे असेच दोन गण. तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय आणि दोन म्हणजे स्टोनफ्लाय, हा ठोकताळा पुष्कळदा चालतो. पण एपिओरस या मेफ्लायला दोनच शेपट्या असतात, शिवाय जाळीतून काढताना शेपट्या सहज तुटतात. म्हणून भिंगाखाली पायाचे टोक पाहावे. तिथे एकच नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय.

कुळावर थांबण्याची खरी किंमत कायरोनोमिडी या डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या कुळामध्ये मोजावी लागते. या कुळातील काही अळ्या हिमोग्लोबिनमुळे लालभडक दिसतात आणि अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात, तर काहींना थंड, वाहते, स्वच्छ पाणीच लागते. तक्त्यात मात्र सरसकट २ गुण. त्यांना वेगळे करायचे तर डोके स्लाइडवर चढवून मुखाजवळच्या पट्टीवरील दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण जिथे नमुन्यात याच अळ्यांचा भरणा असतो तिथे ते टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

अगदी कोवळ्या अळीत ही लक्षणे पुरती उमटलेलीच नसतात. तेव्हा अंदाजाने जातीचे नाव लिहिण्यापेक्षा ‘कुळ निश्चित, पुढे अनिश्चित’ असे लिहावे. डीएनए बारकोडिंगचा, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा वाचून जात ओळखण्याचा, आधार घेता येतो, मात्र तुलनेच्या संग्रहात त्या जातीचा, नीट ओळखलेल्या नमुन्यावरून घेतलेला डीएनए-अनुक्रम असला पाहिजे. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवताना तर विशेष जपावे: एका वर्षी जातीपर्यंत आणि दुसऱ्या वर्षी कुळापर्यंत ओळख झाली असेल, तर आधी दोन्ही याद्या कुळापर्यंत आणाव्यात, नाहीतर ओढा होता तसाच असूनही विविधता घटल्याचे दिसेल.