जुनं स्वयंपाकघर नवं करताना : आधी निचरा, मग शटर

जुन्या घरातलं स्वयंपाकघर बदलायचं ठरलं की पहिली चर्चा लॅमिनेटच्या रंगाची होते. मी काम सुरू केलं ते सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपापासून, आणि पुन्हा करायची वेळ आली तरी तिथूनच करीन. पाण्याची लाइन दाबावर चालते, ती वर-खाली कुठूनही नेता येते. वायर तर हवी तशी फिरते. सांडपाणी मात्र फक्त उतारावर चालतं, आणि जुन्या घरात त्याची बाहेर पडायची जागा भिंतीत आधीच पक्की झालेली असते. ती बदलायची तर बाहेरची उभी लाइनही बदलावी लागते.

म्हणून नव्या आराखड्यात सिंक सरकवण्याआधी हा हिशेब केला. ओटा ८६० मिमी उंच. सिंकचं भांडं २०० ते २३० मिमी खोल, म्हणजे भोक जमिनीपासून साधारण ६४० मिमीवर. खालचं कपलिंग आणि बॉटल ट्रॅप (थोडं पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा भाग) धरून आडवा पाइप सुरू होतो सुमारे ४५० मिमीवर. उतार ४० ला १ धरला आणि सिंक जुन्या जागेपासून ३ मीटर लांब नेलं, तर ७५ मिमी उंची उतारातच जाते. म्हणजे भिंतीतलं भोक ३७५ मिमीच्या खाली असेल तरच हे जमतं. आमचं भोक त्याच्या खाली होतं म्हणून सिंक खिडकीसमोर आलं. ते वर असतं, तर आराखडा कितीही देखणा असला तरी पाणी तुंबलंच असतं.

सिंकला ४० मिमी पाइप चालतो, पण तेल-तूप आतून थरानं बसत जातं, म्हणून ५० मिमी घेतला. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड लावले आणि वळणाच्या तोंडाशी साफसफाईचं झाकण ठेवलं. प्लंबर हमखास एक गोष्ट करतात : सिंकखाली बॉटल ट्रॅप, पुढे जमिनीतही ट्रॅप, आणि मधला पाइप दोन्ही टोकांना बंद. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते, सिंक गुडगुड करत सावकाश रिकामं होतं आणि दोष जाळीतल्या कचऱ्यावर जातो. एका वाटेवर एकच ट्रॅप ठेवायचा. त्यात ५० मिमी पाणी साचून राहिलं की वास अडतो.

तोडफोडीआधी निचऱ्याचं तोंड बूच मारून बंद करा. नाहीतर राडारोडा थेट लाइनीत जातो आणि नव्या फरश्या बसल्यावर लक्षात येतं. जुना दगडी ओटा काढताना घणाचा पहिला घाव घालण्याआधी दगड आणि भिंत जिथे मिळतात तिथे कटरनं पूर्ण काप घ्यायला लावा. काप नसेल तर प्रत्येक घावाचा हादरा भिंतीतून पलीकडच्या खोलीत जातो आणि तिथलं प्लॅस्टर सुटतं.

मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करायचा मोह सगळ्यांनाच होतो. ११५ मिमीची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत बहुधा आडोशाची असते, २३० ची बहुधा भार घेणारी. पण हा 'बहुधा' महागात पडतो, कारण जुन्या बांधकामात अर्ध्या विटेच्या भिंतीवरही स्लॅब टेकवलेला सापडतो. वर बीम कुठून जातो आणि स्लॅब कोणत्या दिशेला टेकलाय, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जागेवर येऊन पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावला नाही. तसंच जुन्या रंगाचे थर कोरडे घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुन्या व्हिनाइल फरश्या आणि सिमेंटचे पत्रे यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यामुळे नमुना तपासून घेतल्याशिवाय ते कापायचे नाहीत की त्यांना भोकं पाडायची नाहीत.

ओटा निघाला की सिंकमागची भिंत खरी दिसते. प्लॅस्टर फुगलेलं, बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. हा लोणा. त्यावर पुट्टी मारून टाइल लावली तर टाइल प्लॅस्टरसकट सुटून येते. ओल दिसते त्याच्या पलीकडे ३०० मिमीपर्यंत प्लॅस्टर विटेपर्यंत खरवडून काढलं आणि भिंत उघडी ठेवली. वाळली की नाही, हे हात लावून कळत नाही. प्लॅस्टिकचा जाडसर तुकडा चारही कडांनी टेपनं भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल अजून आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे. भिंतीकडची बाजू कोरडी निघाल्याशिवाय नवं प्लॅस्टर नाही. या टप्प्यावर ठेकेदार घाई करतोच, कारण माणसं रिकामी बसलेली असतात. इथे गप्प बसू नये.

आता झिरी, म्हणजे भिंतीत कोरलेली लांब खाच. पाइप आणि वायरसाठी भिंतीला झिरी मारताना मर्यादा अशी : उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आडवी एक षष्ठांश, त्याहून खोल नाही. ११५ मिमीच्या भिंतीत उभी ३८ मिमी जाऊ शकते, आडवी जेमतेम १९. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपाचा बाहेरचा व्यास २२ मिमी, वर प्लॅस्टर वेगळं. म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीत हा पाइप आडवा बसतच नाही. तरी तो सर्रास बसवतात, आणि मग वर्षभरात टाइल्सवर सरळ आडवी चीर उमटते. आम्ही मुख्य लाइन ओट्याखालून, कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या जागेतून भिंतीवरूनच नेली आणि झिरी फक्त उभ्या ठेवल्या. उघडा पाइप दिसतो कोणाला? गळाला तर मात्र पान्हा लगेच पोचतो.

जुनी लोखंडी लाइन असेल तर ती पुरती काढा. 'एवढा तुकडा चांगला आहे, याला जोडू' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. आतून गंजलेल्या पाइपाला पान्हा लावला की आटे ढिले होतात आणि गळती सुरू होते नेमकी त्या जोडावर, जो भिंतीत पुरलेला असतो. सीपीव्हीसीचा प्रत्येक जोड कापलेली कड घासून, सॉल्व्हंट (पाइप जोडायचा चिकट द्राव) लावून, पाव वळसा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरायला लावला. सॉल्व्हंट पुरता वाळला की लाइनीतली हवा काढून पाणी भरायचं, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा हलत नाही ना हे बघायचं. मगच प्लॅस्टर. झिरी बुजवण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढले. वरची कॅबिनेट टांगताना ड्रिल कुठे चालवायचं नाही, हे ते फोटोच सांगतात.

विजेचं थोडक्यात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर साध्या सॉकेटना २.५ चौरस मिमी वायर, ओव्हनला ४ चौरस मिमी, दोन्ही वेगळ्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच). फ्रिजला स्वतंत्र सर्किट. साऱ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. जुन्या पाइपात अर्थिंगची वायर नसेल तर नवी ओढल्याशिवाय एकही सॉकेट चालू करायचं नाही. शेगडीच्या थेट मागे आणि सिंकच्या वर बोर्ड नको.

ओट्याची उंची ठरवताना जो जास्त वेळ स्वयंपाक करतो त्याच्या वाकवलेल्या कोपराची उंची घ्यायची आणि त्यातून १०० ते १५० मिमी वजा करायचे. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर भांडं त्याहून १०० मिमी वर जातं, तेव्हा शेगडीचा भाग खाली घेतला तर खांदे दुखत नाहीत. सिंकचं उलटं आहे. तिथे हात भांड्याच्या तळाशी असतात, त्यामुळे फार खोल सिंक पाठीला त्रास देतं. दोन ओटे समोरासमोर असतील तर मधे एका माणसासाठी सुमारे १०५० मिमी, दोघांसाठी १२०० लागतात.

पुढचं काम सुताराचं. जुन्या घरात एकही भिंत ओळंब्यात नसते, एकही कोपरा गुण्यात (काटकोनात) नसतो आणि जमीन पाणसळीत नसते, हे धरूनच चालायचं. कोपरा तपासायला एका भिंतीवर ९०० मिमीवर खूण, दुसरीवर १२००, मधलं तिरकं माप १५०० यायला हवं. १५१५ आलं तर कोपरा उघडा आहे, आणि काटकोनात बनवलेला दगड एका टोकाला भिंतीपासून सुटणार. म्हणून दगडाला आकड्यांऐवजी पातळ प्लायचं टेम्प्लेट दिलं.

कॅबिनेटची मापंही प्लॅस्टर आणि फरशी झाल्यावर पुन्हा घेतली. आराखड्याच्या मापांवर आधीच कारखान्यात कॅबिनेट कापायला देणं, ही अशा कामातली सगळ्यात नेहमीची गडबड. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवली तर जमीन १५ ते २० मिमी वर येते. दरवाजा घासतो तो वेगळाच, पण डिशवॉशरला ८२० मिमी मोकळी उंची लागते, ती तेवढ्यानं हुकते. फरशी डिशवॉशरच्या खालपर्यंत पूर्ण घ्या. तो भाग वगळला तर मशीन खड्ड्यात अडकतं आणि दुरुस्तीला बाहेर निघत नाही.

जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधायचा आणि पहिलं कॅबिनेट तिथे पाणसळीत बसवायचं. बाकीची पायांनी उचलून त्याला मिळवायची. उलट्या क्रमानं सुरुवात केली तर उंच जागी आलेलं कॅबिनेट खाली घ्यायला वाव नसतो आणि सुतार त्याचा तळ तासायला लागतो. भिंतीलगत आणि एल कोपऱ्यात ३० ते ५० मिमीची फिलर पट्टी सोडा. ती वाया गेलेली जागा वाटते, पण तिच्याशिवाय कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या हँडलवर आपटतो.

ट्रॉलीच्या, म्हणजे ड्रॉवरच्या बाबतीत दोन मिमीसुद्धा महत्त्वाचे. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती बाजूची पट्टी) दर बाजूला १२.७ मिमी जागा लागते. ६०० मिमीच्या कॅबिनेटमधून दोन बाजूंचा १८-१८ मिमी प्लाय वजा केला की आत ५६४ उरतात, त्यातून २५.४ गेले म्हणजे ड्रॉवरचं बाहेरचं माप साडेपाचशेच्या आत, ५३८ मिमी. ५४१ झालं तर तो घट्ट चालतो आणि चॅनलची बेअरिंग लवकर जाते. ५३४ झालं तर खडखडतो, आणि मग सुतार चॅनलमागे लॅमिनेटचे तुकडे सरकवतो. बनवलेला पहिला ड्रॉवर मोजून, लावून, भरून बघा आणि मगच बाकीचे कापू द्या.

प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचाच, निदान सिंकखाली तरी. पण दर्जा कितीही चांगला असला तरी पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कच्ची कड पाणी पितेच, आणि कॅबिनेट फुगायला लागतं ते तिथूनच. प्रत्येक कापलेल्या कडेवर पॉलियुरेथेनचे दोन हात मारून घेतले. सिंकखालच्या कॅबिनेटला पाठ लावलीच नाही.

बसवण्याचा क्रम असा : कॅबिनेटचे सांगाडे, त्यावर दगड, मग डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स, शटर सगळ्यात शेवटी. डॅडो दगडावर येऊन टेकला पाहिजे. आधी टाइल्स आणि मग दगड घुसवला तर फटीतून पाणी थेट मागे उतरतं. टाइल आणि दगडामध्ये एक सूत, म्हणजे ३ मिमी फट ठेवून ती बुरशीरोधक सिलिकॉननं भरायची. ग्राउटनं भरली तर ते तडकतं, कारण दगड आणि भिंत वेगवेगळं हलतात.

दगड २० मिमी जाडीचा, शटरच्या पुढे २५ मिमी. पुढच्या कडेच्या आत, खालच्या बाजूनं एक बारीक खाच मारून घेतली. ओट्यावरून ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला धरून आत जातं आणि शटरची वरची कड सोलते. खाचेशी आलं की ते तिथेच गळून पडतं. सिंकच्या कापाच्या पुढे आणि मागे दगडाची जी अरुंद पट्टी उरते, ती सगळ्यात कमकुवत. जोड तिथे नको, डिशवॉशरवरही नको. सिंक खालून लावायचं असेल तर नुसत्या सिलिकॉनवर लटकवू देऊ नका, क्लिप आणि खालून आधार दोन्ही घ्या. नळाचं ३५ मिमी भोक दगड बसवण्याआधीच पाडून घ्या.

चिमणीचा डक्ट १५० मिमीचा, भिंतीबाहेर नेलेला, शक्य तितका सरळ. गॅसच्या शेगडीपासून ६५० ते ७५० मिमी उंचीवर चिमणी. लवचीक डक्ट वापरला तर तो पूर्ण ताणून लावा. चुण्या राहिल्या की ओढ मरते, आवाज वाढतो आणि चुण्यांत तेल साठतं.

काम ताब्यात घेताना सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढायचं. नुसता नळ सोडून बघितलं तर जोडांवर भारच येत नाही. पाणी वाहत असताना प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्यांना न दिसणारी ओलही त्यावर उमटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिजागऱ्यांचे स्क्रू काही आठवडे वापर झाल्यावर पुन्हा जुळवावे लागतात, तेव्हा सुताराची शेवटची रक्कम त्या फेरीपर्यंत राखून ठेवा. उरलेल्या पाच-सहा टाइल्स आणि लॅमिनेटचा एक मोठा तुकडा राडारोड्याबरोबर जाऊ देऊ नका. तीच छटा पुढे मिळत नाही.