हात कुठे ठेवायचे

दिवाळी पाडवा, रात्री

नवी सायकल, वळणदार हँडलची रोड बाइक, घरात येऊन आज पाच आठवडे झाले. पाहुणे गेले, भांडी झाली, आता निवांत लिहिते आहे.

त्याआधी सपाट हँडलची हायब्रीड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, मी सात वर्षं चालवली. दर रविवारी पहाटे म्हार्दोळहून निघायचं, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर करत पणजी गाठायची आणि ऊन चढायच्या आत परत. चाळीसेक किलोमीटर होतात. त्या सायकलीबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार हातांची होती. जुने गोवे मागे पडलं की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. घरी येऊन चहाचा कप धरला की तो गरम आहे हे तीन बोटांना कळायचं, दोन बोटांना कळायचंच नाही. तेव्हा मात्र घाबरले.

डॉक्टरांनी तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर बोट दाबून दाखवलं. अल्नर नस तिथून जाते. सपाट हँडलवर तळवे जमिनीकडे, मनगट मागे वाकलेलं, आणि अंगाचा भार तासन्‌तास त्या एकाच जागी. जेलचे हातमोजे वापरून बघितले, हँडलच्या टोकांना शिंगं, म्हणजे हात धरायला पुढे आलेल्या छोट्या दांड्या, लावून बघितली. शिंगांनी थोडा आराम पडायचा, पण तिथे हात असताना ब्रेक लांब राहतो. बाणस्तारीच्या रहदारीत ते मला नको वाटायचं.

माझा पहिला विचार साधा होता: आहे त्याच सायकलीला वळणदार हँडल बसवायचं. फोंड्याच्या मेस्त्रींनी सायकल स्टँडवर चढवली, बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "बाय, हें जमचें ना." मग एकेक भाग दाखवत समजावलं. सपाट हँडलची नळी २२.२ मिलिमीटरची, वळणदार हँडलची २३.८, म्हणजे जुने ब्रेक आणि गियरचे खटके त्यावर चढणारच नाहीत. नवे घ्यावेत, तर माझ्या व्ही-ब्रेकला जेवढी केबल ओढली जायला हवी तेवढी रोड बाइकचा लिव्हर ओढत नाही. आणि मुख्य म्हणजे हायब्रीडची फ्रेम मुळातच लांब असते. सपाट हँडलवर हात जवळ राहतात म्हणून ते खपून जातं. वळणदार हँडलचे हूड, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवरची रबरी पकड, त्याच्याही पुढे येतात, तिथे पोचायला मला पाठ ताणून धरावी लागली असती. आजवर इतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं.

म्हणून नवी घेतली. तरीही पहिल्याच दिवशी कळलं की आपण लांब पडतोय. खांदे कानांकडे चढत होते. मेस्त्रींनी हँडल सायकलीला जोडणारा १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा लावला आणि ब्रेकचे लिव्हर स्क्रू फिरवून हँडलच्या जवळ आणले. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी हा स्क्रू विसरू नये, हे मी मनापासून सांगते. तोपर्यंत ब्रेक दाबायला माझी बोटं टोकाटोकाने पोचत होती.

हूडवर हात ठेवले की तळवे एकमेकांसमोर येतात, कुणाशी हस्तांदोलन करताना येतात तसे. मनगट सरळ. शिवाय हातांना जागा किती! वर स्टेमजवळ, वळणावर, हूडवर, खाली ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकात. मी दर दहा मिनिटांनी जागा बदलते. तिसऱ्या रविवारी पणजीला पाटोपाशी थांबले आणि एकदम लक्षात आलं की आज हात झटकलेच नाहीत. डोळ्यांत पाणी आलं, खरंच. दोन बोटांची जाणीव परत मिळणं ही काय चीज असते ते ज्याचं त्याला ठाऊक.

गियरची सवय लागायला मात्र वेळ लागला. सात वर्षं अंगठ्याने दाबायची सवय. इथे ब्रेकचाच दांडा आत ढकलला की मागे मोठी चकती, म्हणजे हलका गियर, आणि त्याच्या पाठची छोटी पट्टी ढकलली की जड. शिमानोने १९९० च्या सुमारास ब्रेक आणि गियर असे एका लिव्हरमध्ये आणले. त्याआधी रेसवाल्यांनाही गियर बदलायला हँडलवरचा हात काढून खालच्या नळीपर्यंत न्यावा लागायचा. पहिले दोन आठवडे चढावर माझा अंगठा जिथे काहीच नाही तिथे दाबत राहायचा. आता बोटं आपणहून जातात.

फर्मागुडीचा चढ आता आधीपेक्षा जड वाटतो, हे लिहून ठेवलं पाहिजे. पुढची चकती जितकी लहान तितका गियर हलका. जुन्या सायकलीला पुढे तीन चकत्या होत्या, सगळ्यात लहान २८ दातांची. नवीला दोनच, ५० आणि ३४. मागची सगळ्यात मोठी ३२. सायकल तीन किलोंनी हलकी असूनही माथ्यावरच्या गणपतीपाशी पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. मागे कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, ३४ दातांपर्यंतचा लावून घ्यावा असा विचार आहे.

आणि उतार! पहिल्यांदा फोंड्याच्या बाजूला उतरताना हूडवरून ब्रेक दाबला आणि वेग मनासारखा कमी होईना. छातीत धस्स झालं. कडेला घेऊन कशीबशी थांबले. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी कारण सांगितलं: लिव्हर ज्याभोवती फिरतो तो खिळा वर असतो. हूडवरून आपण खिळ्याजवळ दाबतो, खाली ड्रॉपमध्ये हात असले की लिव्हरच्या टोकाशी दाबतो, म्हणून तेवढ्याच जोरात ब्रेक जास्त घट्ट लागतो. तेव्हापासून उतार लागायच्या आधीच हात खाली नेते. वाकून रस्त्याजवळ जायची आधी भीती वाटायची. आता तिथेच सायकल सगळ्यात जास्त हातात असल्यासारखी वाटते.

वाऱ्याचंही तसंच. पणजी-रायबंदरचा तीनेक किलोमीटरचा सरळ बांध पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातला, तिथे वाऱ्याला आडोसाच नाही. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला कांदळ आणि पाणी. परतताना सकाळचा पूर्वेचा वारा थेट तोंडावर येतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे शाळेत शिकले होते. छातीला ते ड्रॉपमध्ये वाकल्यावर कळलं. आवाजच बदलतो, कानांतला घोंघाव उतरतो.

परवा नरकचतुर्दशीला पहाटेच निघाले. नरकासुर जाळून झाले होते, रस्त्यावर ठिकठिकाणी राख, अर्धवट जळलेलं गवत आणि सांगाड्याच्या तारा. जुन्या सायकलीच्या ३८ मिलिमीटर रुंद टायरने मी असल्या कचऱ्यावरून बिनधास्त जायचे. नवीचे टायर २८ चे. कुंडईच्या अलीकडे मागचं चाक फुसफुसलं. टायरमधून बोटभर तार निघाली, टोकाला काजळी धरलेली. ट्यूब बदलत बसले होते तेव्हा पोदेर, म्हणजे पाववाला, आला, पोंक पोंक करत, मागे पावाची टोपली. थांबला, माझी सायकल धरली आणि म्हणाला, "नवी मरे?" त्याच्या हातातला हँडपंप माझ्यापेक्षा झपाझप चालला. घरी पोह्यांसाठी सगळे खोळंबले होते. मी पाच गरम उंडे घेऊन उशिरा पोचले, पण कुणी काही बोललं नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर सलते. हायब्रीडवर ताठ बसायचे तेव्हा कुणाच्या कुळागरात सुपारी उतरवतायत, कुठल्या दारात नवी रांगोळी आहे, हे चालता चालता दिसायचं. वाकलेल्या पाठीने रस्ता जास्त दिसतो, दारं कमी. म्हणून म्हार्दोळ ते बाणस्तारी मी हात हँडलच्या वर, स्टेमजवळ ठेवते आणि मुद्दाम हळू जाते.

हायब्रीड लेकीला दिली. तिने सीट दोन बोटं खाली करून घेतली आणि शिंगं काढून टाकली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी दोघींनी जुने गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जायचं ठरलंय. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरचा खडीचा तुकडा आला की ती पुढे आणि मी मागे. मागच्या टायरला नवी ट्यूब आहे, शनिवारी रात्री ७५ पीएसआय हवा भरून ठेवायची.