मामा म्हणजे आई : मोशीतले सहा आठवडे

"काय गं, किती उशीर!"

किलिमांजारो विमानतळाबाहेरच्या गर्दीतून अस्सल मराठीत हाक आली आणि हातातली ट्रॉली सोडून मी धावले. सात वर्षांनी भेटत होतो. पुण्यात हॉस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही तीन वर्षं काढली. ती गणितात बीएस्सी करून टांझानियाला परतली आणि आता किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोशी गावाजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. सोबत तिचा नवरा होता. आमच्या हॉस्टेलमधली तिसरी मैत्रीण दार एस सलामहून दिवसभर बसमध्ये बसून आली होती. आम्ही तिघी तिथंच गळ्यात पडून रडलो. तिथून मोशी सुमारे 40 किलोमीटर. रस्ताभर एकही वाक्य पूर्ण झालं नाही, प्रत्येकीला आधी आपलंच सांगायचं होतं.

मी गेले ते मोशीच्या मैत्रिणीने शाळेत मदतीला बोलावलं म्हणून. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत होतं आणि माध्यमिक शाळेत सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. जानेवारीत फॉर्म वनचे, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या इयत्तेचे, वर्ग सुरू होतात, तेव्हा गणितात तरबेज असलेली मुलंही गप्प होऊन जातात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. अकरावीला 'त्वरणा'चं 'अ‍ॅक्सिलरेशन' झालं, तेव्हा पहिले तीन महिने वर्गात मी तोंड उघडलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. "तुला त्यांचं गप्प बसणं कळेल," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनी व्हिसाकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्याला 50 डॉलर पडतात. पण त्यावर काम करता येत नाही, बिनपगारी कामसुद्धा नाही. मी सुरुवातीला ज्या संस्थेकडे चौकशी केली, तिथून "या टुरिस्ट व्हिसावर, सगळे तसेच येतात" असं उत्तर आलं. मैत्रिणीने मला तिथंच थांबवलं. स्वयंसेवकांसाठी 'सी' वर्गाचा निवास परवाना असतो. बोलावणाऱ्यांनी कागदपत्रं वेळेवर केली नाहीत, तर तारीख पुढे ढकला, पण तसेच जाऊ नका.

मी मुंबईहून अदिस अबाबामार्गे गेले. इथिओपिया हा पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर टांझानियात लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं आणि परतताना आपल्याकडेही मागू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणीत झोपा. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे. 1 जून 2019 पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा घरून दिलेले लाडू-चिवडा डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. डॉलरच्या जुन्या, चुरगळलेल्या नोटा कुणी घेत नाही. पोचल्यावर पासपोर्ट घेऊन अधिकृत दुकानातून सिम घ्या (बोटांचे ठसे घेतात). मोबाइलवरून पैसे देणं तिथे भाजीवाल्या बायकांनाही सवयीचं आहे.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. शाळेतल्या मावशींनी मला 'सा तातू', म्हणजे तीन वाजता यायला सांगितलं, तेव्हा त्यांना सकाळचे नऊ म्हणायचे होते. बसचं तिकीट काढताना तर दोनदा विचारा. सहा तासांचा फरक पडतो.

आणि नाती! पहिल्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या मुलीने माझी ओळख 'दादा' अशी करून दिली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच. 'दुका' म्हणजे दुकान, 'हेसाबू' म्हणजे हिशोब, 'चाय' म्हणजे चहा. रिक्षाला सरळ 'बजाजी' म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव तिथे वाहनाचंच नाव होऊन बसलंय. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं. मूळ अर्थ, तुमचे पाय धरते. ते 'मराहाबा' म्हणतात. मैत्रिणीच्या आजीला मी शिकामो म्हटलं आणि सवयीने वाकलेही. आजीने माझं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

शाकाहारी असाल तर 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. भात आणि 'महारागे' सगळीकडे मिळतं, आपली राजम्याची उसळच. 'मचिचा' म्हणजे माठ, तोही नारळाच्या दुधात. आणि भर जानेवारीत आंबे! बाजारात आंब्यांचे ढीग बघून मला घरची फार आठवण आली.

किलिमांजारो बघायचा तर पहाटे उठा. ऊन चढलं की ढग येतात आणि 5895 मीटरचा डोंगर दिसेनासा होतो.

शाळेत मी स्वतंत्र वर्ग घेतला नाही आणि तो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथले शिक्षक तिथे आहेत, सहा आठवड्यांनी जाणाऱ्या पाहुणीने त्यांची जागा घ्यायची नसते. अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी जाण्याबद्दलही मी हेच सांगेन, तिथल्या लेकरांना लळा लावून निघून येऊ नका. मी मैत्रिणीच्या तासाला मागच्या बाकावर बसायचे आणि तास संपला की पाच-सहा मुलांबरोबर शब्दांचा तक्ता करायचे. एका बाजूला 'न्गुवू', दुसऱ्या बाजूला 'फोर्स'. 'काझी', 'वर्क'. 'जोतो', 'हीट'. अर्थ त्यांना येतच होता, फक्त नवं नाव हवं होतं. चौथ्या आठवड्यात एका मुलीने उभं राहून न्यूटनचा दुसरा नियम अर्धा इंग्रजीत आणि अर्धा स्वाहिलीत सांगितला. मैत्रिणीने तिला मधे थांबवलं नाही.

तक्त्याचे कागद, खडू इथून नेऊ नका, मोशीच्या बाजारात मिळतात. जायच्या आधी महिनाभर रोज अर्धा तास स्वाहिली मात्र शिका. मी दोनच आठवडे शिकले होते, ते कमी पडले.

शेवटच्या दिवशी मुलांनी तक्त्यात तिसरा रकाना आखून ठेवला होता. तुमच्या भाषेत काय म्हणतात, ते लिहा म्हणाले. मी बल, कार्य, उष्णता लिहीत गेले आणि मैत्रीण शेजारी उभी राहून मोठ्याने वाचत गेली. 'उष्णता'शी ती जराशी अडखळली, मग मुलांनीच तिच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला.