बॅडलँड्स गाडीने: मुक्काम एकाच जागी ठेवू नका

साउथ डकोटातलं बॅडलँड्स नॅशनल पार्क आणि जवळचे ब्लॅक हिल्सचे डोंगर बघायला मिनियापोलिसहून निघताना चारही रात्रींचं बुकिंग रॅपिड सिटीत, म्हणजे पार्कपासून तासाभराच्या शहरात केलं. रोज सामान बांधायची कटकट नको, एवढाच हिशेब. तो पहिल्याच संध्याकाळी अंगाशी आला. बॅडलँड्सच्या मातीच्या पट्ट्यांवर खरा रंग चढतो तो उन्हं कलल्यावर, आणि नेमकं तेव्हाच आम्ही ‘अजून हॉटेल गाठायचंय’ म्हणत गाडीत बसलो. सूर्योदयासाठी पहाटे पुन्हा तोच रस्ता. आई म्हणाली, "पार्क बघायला आणलंयस की हायवे?"

म्हणून पहिली रात्र वॉल किंवा इंटिरियर या गावात काढा आणि मग ब्लॅक हिल्समधल्या कस्टर नाहीतर हिल सिटीकडे मुक्काम हलवा.

पूर्वेकडून येणाऱ्यांनी आय-९० हायवेवरची १३१ नंबरची एक्झिट घ्यावी. तिथेच मिनिटमन या अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचं संग्रहालय आहे. पार्कचा लूप रोड पुढे वॉलजवळ, ११० नंबरला, हायवेला मिळतो. त्यामुळे ११६ नंबरच्या एक्झिटजवळचं क्षेपणास्त्राचं भुयार हमखास राहून जातं. सहा मैल उलटं या आणि काचेतून खाली डोकवा. भोवती गवताळ माळ आणि पायाखाली शीतयुद्ध! वॉलमधल्या वॉल ड्रग या दुकानाच्या पाट्या शेकडो मैल डोकं खातात, पण पाच सेंटची कॉफी खरंच मिळते. टाकी इथेच फुल करा, पाणीही भरून घ्या.

पार्कमधल्या सेज क्रीक रिम रोडवर बायसन (अमेरिकी गवे) आणि प्रेरी डॉग (बिळात राहणाऱ्या मोठ्या खारी) दिसतात. रस्ता खडीचा आहे. आदल्या रात्री पाऊस झाला होता, तरी मी हट्टाने गाडी घातली. कडेला उतरलो तर दहा पावलांत बुटाला दोन बोटं जाड लगदा. ही बेंटोनाइटची माती ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळली की सिमेंट. बूट चमच्याने खरवडावे लागले (चमचा टाकून दिला). पाऊस झाला असेल तर डांबरी रस्ता सोडू नका.

ब्लॅक हिल्सला निदान दोन दिवस द्या. नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. आरसे मिटून आमची एसयूव्ही बाहेर आली तेव्हा पलीकडच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयर्न माउंटन रोड मात्र कस्टर स्टेट पार्ककडून रशमोरच्या दिशेनेच चालवा, म्हणजे बोगद्यांच्या चौकटीत रशमोरच्या डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे समोर येतात. रशमोर स्वतः तासाभरात उरकतं. तिथे पार्किंगचे पैसे पडतात, नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालत नाही. त्यापेक्षा विंड केव्ह या गुहेला वेळ काढा. छतावर मधाच्या पोळ्यासारखी दगडी जाळी आहे. आत बारा-तेरा अंश असतं, स्वेटर हवाच. शेजारच्या वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा सुळका हाताशी एक अख्खा दिवस असेल तरच.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते. तेव्हा खोल्या मिळणं मुश्कील, मिळालीच तर दर ऐकवत नाहीत.

आणि घड्याळ! वाटेत टाइम झोन बदलतो, त्यामुळे जाताना एक तास फुकट मिळतो, येताना तो परत जातो. परतताना आम्ही तो धरलाच नाही. वरणभात लावून वाट बघणाऱ्या मित्राचे तीन मिस्ड कॉल होते.