चिठ्ठीतला प्रश्न

मेंदूचा पाठ शिकवताना नववीला मी दारूवर एक अख्खा तास घेते. या विषयावर तोंडी विचारायला मुलं बिचकतात, म्हणून नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगते.

त्या दिवशी फळ्यावर मेंदू काढून झाला होता. दारूमुळे मेंदूतले शांत करणारे संदेश जोर धरतात, उत्तेजित करणारे मंदावतात. कपाळामागच्या भागाचा लगाम सुटतो, लहान मेंदू गडबडला की तोल जातो. मुलं निमूट उतरवून घेत होती. मग मी एक चिठ्ठी उघडली.

‘रात्री ओरडतात, भांडी फेकतात. सकाळी म्हणतात, काहीच आठवत नाही. खोटं बोलतात का?’

अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं. मी मान वर केली नाही. माझी नजर वर्गात फिरली असती, तर त्या मुलाने पुन्हा कधी काही विचारलं नसतं.

म्हटलं, खोटंच असेल असं नाही. थोड्या वेळात भराभर प्यायलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या आठवणी तयार होणं थांबतं. माणूस शुद्धीत असतो, चालतो, बोलतो, भांडतो. कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग बंद. पण आठवत नाही म्हणून घडलेलं पुसलं जात नाही, त्याची जबाबदारीही टळत नाही. आणि घरातल्या मुलांमुळे तर हे मुळीच घडत नसतं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबणार आहे, हेही सांगितलं. कोण आलं ते लिहिणार नाही. समुपदेशक बाईंपर्यंत गोष्ट पोचली.

दुसरी चिठ्ठी होती, ‘पिऊन पडलेल्याला झोपू द्यायचं का?’ यावर मी तासाचा उरलेला सगळा वेळ घालवला. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात मिसळतच राहते. कॉफीने किंवा गार पाण्याने ती लवकर उतरत नाही, यकृत आपल्याच गतीने काम करतं. प्रमाण फार वाढलं तर श्वास चालवणारं मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, तेही मंदावतं. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत एकटं सोडायचं नाही, कुशीवर वळवून ठेवायचं.

“उलटी झाली नसली तरी कुशीवर?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

“हो. ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आधीच.”