एकच चोपडी: आमची वाटचाल

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी आमची छोटी कंपनी 2004 साली चिपळूणच्या बाजारपेठेत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सुरू झाली. भागीदार दोघेच होतो: मी, आणि कार्यालयात सगळेच ज्यांना भाऊ म्हणत ते माझ्याहून वयाने मोठे असलेले सहकारी. ही वाटचाल लिहिताना मला ग्राहकांची यादी किंवा उलाढाल सांगायची नाही. गेली अनेक वर्षे आमच्याविषयी एक वाक्य या जिल्ह्यात फिरत आहे, की ही मंडळी फाइलींचा इतिहास डेटाबेसमध्ये ठेवतात आणि म्हणून अडचणीत आली. त्या वाक्याचा एकदा नीट समाचार घ्यावा, यासाठी हे लिहीत आहे.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सबव्हर्जन या व्हर्जन कंट्रोलची, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीची, 1.0 आवृत्ती आली. त्याआधी मी मुंबईला नोकरीत असताना त्याच कामाचे जुने सीव्हीएस वापरले होते. त्यात प्रत्येक फाइलीचा इतिहास स्वतंत्र असे, त्यामुळे दहा फाइलींत मिळून केलेला एखादा बदल मधेच वीज गेली तर पाचच फाइलींपुरता नोंदला जाई. सबव्हर्जनने बदल होईल तर पूर्ण होईल, नाहीतर होणारच नाही, अशी हमी दिली आणि ती पाळण्यासाठी पोटात बर्कले डीबी हा डेटाबेस ठेवला. आम्ही रेपॉझिटरी, म्हणजे हा सगळा इतिहास साठवणारी जागा, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तिन्ही संगणकांवरून ती थेट उघडू लागलो. ज्यांनी हे केले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पावसाळ्यात वीज जाई, कोणाचा तरी प्रोग्रॅम अर्ध्यात मरे, त्याने धरलेले लॉक, म्हणजे डेटाबेसला लावलेले कुलूप, तसेच राही आणि रेपॉझिटरी सर्वांसाठी अडकून बसे. जुलैच्या एका आठवड्यात भाऊंनी चार वेळा एसव्हीएनअ‍ॅडमिन रिकव्हर ही दुरुस्तीची आज्ञा चालवली. त्याच वर्षी सप्टेंबरात 1.1 आवृत्तीत एफएसएफएस हे साठवणीचे दुसरे तंत्र आले, ज्यात प्रत्येक रिव्हिजन, म्हणजे नोंदलेला प्रत्येक बदल, ही साधी फाइल असते. 2005 च्या मे महिन्यात 1.2 मध्ये तेच मूळ पसंतीचे झाले आणि 2013 साली 1.8 आवृत्तीने बर्कले डीबीला निरोपाची सूचना दिली. आम्हीही डंप, म्हणजे सगळ्या इतिहासाची एकत्र प्रत, काढून नव्या जागी भरला आणि सुटकेचा श्वास सोडला.

धंद्यातल्या बहुतेकांनी यातून असा धडा घेतला, की व्हर्जन कंट्रोलने डेटाबेसच्या वाटेला जाऊ नये. मला तो धडा तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. बर्कले डीबी ही प्रोग्रॅमला जोडायची लायब्ररी आहे. तिच्या दारावर कोणी पहारेकरी नसतो, जो तो आपल्या हाताने तिजोरी उघडतो, आणि ती नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, असे तिच्याबरोबरच्या कागदांत स्पष्ट लिहिलेले होते. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये मागणी घेणारा आणि देणारा सर्व्हर एकच असतो, मागणारा मधेच मेला तर त्याचे लॉक सर्व्हर स्वतः सोडवतो. दोष तिजोरीचा होता की किल्ल्या वाटण्याच्या पद्धतीचा, हे न पाहता लोकांनी तिजोरीलाच नावे ठेवली. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की कोणतेही हत्यार टाकून देण्यापूर्वी ते कोणत्या हातात आणि कोणत्या जागी मोडले, याचा शोध अवश्य घ्यावा.

2006 ते 2014 ही वर्षे बरी गेली.

2015 साली ज्या कामाने आम्हाला पुन्हा डेटाबेसकडे नेले, ते काम गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी सांगितले. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही म्हणतो. प्रत्येक पतसंस्थेचे व्याजदर, दंडव्याज, तारणाचे नियम आणि अर्जांचे नमुने वेगळे असतात, संचालक मंडळाच्या ठरावाने ते बदलतात, आणि आम्ही ते मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवत असू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि लेखापरीक्षक विचारतात, की हे कर्ज मंजूर झाले त्या दिवशी कोणता दर लागू होता. तात्यांनी आपली हाताने लिहिलेली व्याजदरांची चोपडी माझ्यापुढे उघडली. तिच्यात खाडाखोड नव्हती. जुना दर एका रेषेने छेदलेला, बाजूला ठरावाचा क्रमांक, तारीख आणि सही, आणि खाली नवा दर. ते म्हणाले, “अहो, तुमच्या संगणकात कर्जाची नोंद एकीकडे आणि नियम दुसरीकडे. दोन्ही एका चोपडीत आहेत, हे मला दाखवा, मग मी ही बंद करतो.”

हे मागणे साधे नव्हते. गिट हे नंतरचे व्हर्जन कंट्रोल आमच्या हाताशी होते, पण गिटचे ऑब्जेक्ट, म्हणजे त्यात साठवलेले फाइलींचे आणि बदलांचे तुकडे, फोल्डरमध्ये आणि कर्जखाते पोस्टग्रेसमध्ये अशी व्यवस्था असेल, तर दोन ठिकाणचे लेखन एका व्यवहारात बांधता येत नाही. नियमाचा कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, झाला आणि कर्जाची नोंद रद्द झाली, किंवा उलट घडले, तर लेखापरीक्षकाला उत्तर देणारा कोणी उरत नाही. मार्ग लिबगिट-2 या लायब्ररीने दिला. तिच्यात ऑब्जेक्ट कुठे ठेवायचे आणि रेफ, म्हणजे एखाद्या कमिटकडे बोट दाखवणारे नाव, कुठे ठेवायचे, हे आपण लिहिलेल्या फंक्शनांवर सोपवता येते, आणि मायएसक्यूएल, एसक्यूलाइट व रेडिस या डेटाबेसांसाठीचे नमुने आधीच लिहिलेले होते. मी ते आठवडाभर वाचले. वाचणे, लिहिणे, आहे की नाही ते पाहणे, अपुऱ्या हॅशवरून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाच्या काही अंकांवरून, शोधणे, अशी मोजकी फंक्शने भरली, की गिटला आपण फोल्डरवर आहोत की टेबलवर, हे कळतसुद्धा नाही. ऑब्जेक्टच्या टेबलात शा-1 पद्धतीने काढलेला 20 बाइटांचा हॅश, प्रकार, लांबी आणि मजकूर. रेफच्या टेबलात नाव आणि हॅश. ब्रँच, म्हणजे बदलांची एक शाखा, पुढे सरकवताना ‘जुना हॅश अजून तोच असेल तरच बदल’ अशी अट अपडेटमध्येच घातली, म्हणजे दोन माणसांनी एकाच वेळी कमिट केले तर दुसऱ्याला शून्य ओळी बदलल्याचे उत्तर मिळते आणि तो नव्याने मर्ज करतो, म्हणजे दोन्ही बदल एकत्र जुळवतो. इतक्या कमी ओळींत इतके काम करणारा कोड मी त्याआधी लिहिला नव्हता. ज्या दिवशी कर्जमंजुरी आणि नियमाचा कमिट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच अतूट व्यवहारात, पक्के झाले, त्या दिवशी तात्यांनी आपल्या चोपडीच्या शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली.

दोन वर्षांत 43 संस्था या व्यवस्थेवर आल्या, आणि तिथेच आमचे चुकले. संस्थांनी नियमांबरोबर सातबारा, मूल्यांकन अहवाल, जामीनदारांचे कागद असे स्कॅनही त्याच रेपॉझिटरीत टाकायला सुरुवात केली आणि आम्ही हो म्हटले. गिट फोल्डरवर असताना पॅकफाइल नावाच्या एकत्रित फाइली करून सारख्या ऑब्जेक्टांतला फरकच साठवते, पण आमच्या टेबलात प्रत्येक ऑब्जेक्ट पूर्णच्या पूर्ण पडत होते. पोस्टग्रेस दोनेक किलोबाइटांपेक्षा मोठी किंमत दाबून बाजूच्या टेबलात ठेवते खरे, पण एका ओळीचे दुसऱ्या ओळीशी साम्य ते पाहत नाही, आणि पीडीएफमधले स्कॅन तर मुळातच दाबलेले असतात. दुसरे दुखणे वेगाचे होते. एका फाइलीचा इतिहास काढायचा म्हणजे कमिट, त्याचे ट्री (त्या वेळच्या फाइलींची यादी), त्याचा पालक, म्हणजे आधीचा, कमिट, पुन्हा ट्री, असे एकेक ऑब्जेक्ट मागत जायचे. मागणीला 2 मिलिसेकंद धरले तर 20,000 ऑब्जेक्टांना 40 सेकंद होतात, आणि काउंटरवरच्या माणसासमोर 40 सेकंद फार असतात.

30 मार्च 2017 च्या रात्री जे झाले त्याची जबाबदारी माझी आहे. टाकून दिलेल्या मसुद्यांचे हजारो ऑब्जेक्ट आम्ही पुसले होते, तरी डिस्क मोकळी दिसेना, कारण व्हॅक्यूम ही पोस्टग्रेसची साफसफाईची आज्ञा साध्या रूपात पुसलेली जागा टेबलाच्या पुढच्या वापरासाठी राखते, ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत देत नाही. मी व्हॅक्यूम फुल चालवले. ते टेबलाची संपूर्ण नवी प्रत शेजारी लिहिते आणि तोवर ते टेबल वाचण्यासाठीसुद्धा कोणाला उघडू देत नाही. सकाळी साडेनऊला, वर्षअखेरीच्या दिवशी, 43 संस्थांचे काउंटर उघडले आणि नियम वाचता येत नाहीत म्हणून एकही नोंद होईना. दहाच्या सुमारास डिस्क भरली, व्यवहारांची आगाऊ नोंद लिहायला जागा उरली नाही आणि सर्व्हर बंद पडला. आमच्या एका मुलाने जागा करण्यासाठी पीजी_एक्सलॉग नावाचे फोल्डर पुसायला घेतले. नावात ‘लॉग’ आहे म्हणून ते बिनकामाचे असावे, असा त्याचा समज झाला. त्यात त्या आगाऊ नोंदीच होत्या, म्हणजे डेटाबेस पुन्हा उभा राहण्याचा एकमेव आधार. भाऊंनी त्याच्या हातातून कीबोर्ड काढून घेतला. जगभर इतक्यांनी ही चूक केली होती, की त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या पोस्टग्रेस 10 मध्ये त्या फोल्डरचे नाव बदलून पीजी_वॉल करण्यात आले. आम्ही रत्नागिरीहून मोठी डिस्क मागवली, तिच्यावर सगळे उतरवले आणि संध्याकाळी सहाला सर्व्हर उभा राहिला. एकही नोंद गेली नव्हती. पण त्या रात्री संस्थांचे कर्मचारी कंदील लावून बसावे तसे कागदावर वर्ष बंद करत बसले होते, आणि ते मी विसरलेलो नाही.

पुण्याहून येऊन आमच्याच जिल्ह्यात विक्री करणाऱ्या एका कंपनीला ही बातमी चार दिवसांत कळली. त्यांचा प्रतिनिधी संस्था-संस्थांत जाऊन सांगू लागला, की फाइली फोल्डरमध्ये असायच्या असतात, डेटाबेसमध्ये फाइली ठेवणे हेच मूळ पाप आहे, आणि सबव्हर्जनचे काय झाले ते पाहा. डिस्कवरची जागा मी मोजली नव्हती, हा माझा दोष त्याने सांगितला असता तर मला दुःख नव्हते. जूनपर्यंत 17 संस्था गेल्या. त्यांतल्या काहींचे चेअरमन आमच्या कार्यालयात बारा वर्षे चहा प्यायलेले होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही फोन करून नेमके काय घडले ते विचारले नाही. भाऊंनी त्या हंगामाची आपली आंब्याची बाग कराराने दिली आणि त्या पैशांतून तीन महिन्यांचे पगार झाले. कंपनी टिकली ती त्यामुळे.

तात्या गेले नाहीत. पुण्याच्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने चिपळूणला आले. ते म्हणाले, “चोपडी वर्षानुवर्षे चालते, पण पावत्यांची फाइल दरवर्षी नवी लागते. तुम्ही दोन्ही एकत्र शिवलीत.” मी ते वाक्य फळ्यावर लिहिले. स्कॅनसाठी वेगळे टेबल केले आणि पोस्टग्रेस 10 आल्यावर त्याची आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, पाडली, म्हणजे मुदत संपलेले वर्ष आख्खे काढता येते आणि डिस्क तत्काळ मोकळी होते. राहिलेल्या इतिहासासाठी मी फॉसिलचा अभ्यास केला. एसक्यूलाइटचे कर्ते डी. रिचर्ड हिप यांचे हे व्हर्जन कंट्रोल 2007 पासून स्वतःचाच कोड स्वतःत सांभाळत आहे, आणि 2009 पासून एसक्यूलाइटचा कोडही त्यात आहे. सगळी रेपॉझिटरी म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. डेटाबेस या कामाला चालत नाही म्हणणाऱ्यांनी ती एकदा उघडून पाहावी. त्यात नवी आवृत्ती पूर्ण ठेवतात आणि जुनी तिच्यापासूनच्या फरकाच्या रूपात, कारण लोक बहुधा नवीच मागतात. शिवाय कोणत्या कमिटचा पालक कोण आणि कोणत्या कमिटने कोणती फाइल बदलली, याची वेगळी टेबले असतात, आणि ती हरवली तरी मूळ मजकुरावरून पुन्हा बांधता येतात. आम्ही तशीच टेबले केली. ज्या इतिहासाला 20,000 मागण्या लागत होत्या तो एका रिकर्सिव्ह क्वेरीत, म्हणजे स्वतःच पुढचा दुवा शोधत जाणाऱ्या एका मागणीत, अर्ध्या सेकंदात येऊ लागला. गिटच्या फोल्डरशी आमची खरी स्पर्धा या ठिकाणी आहे, आणि ऑब्जेक्ट नुसते टेबलात टाकून थांबणाऱ्यांनी डेटाबेसला दोष देऊ नये, कारण त्यांनी त्याला डेटाबेसचे काम दिलेलेच नसते. 2018 साली रत्नागिरीत दुसरा सर्व्हर उभारून स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक नोंदीची प्रत लगेच तिकडे पाठवणे, सुरू केले.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि सर्व्हर तिच्या वर हातभर उंचीवर ठेवलेला होता, तरी पाणी त्याच्याही वर गेले. चार दिवसांनी शटर उचलले तेव्हा आत गुडघाभर चिखल होता. रत्नागिरीच्या प्रतीत 21 तारखेच्या संध्याकाळची शेवटची नोंद होती, कर्जखात्यासह, नियमांच्या कमिटसह आणि स्कॅनसह, कारण तिन्ही एकाच प्रवाहातून जात होते. त्याच आठवड्यात, 2017 साली आम्हाला सोडून गेलेल्या एका संस्थेचे व्यवस्थापक आपला बॅकअप घेऊन आले. त्यांच्याकडे फोल्डरचा बॅकअप रविवारचा होता आणि डेटाबेसचा मंगळवारचा, त्यामुळे मधल्या दोन दिवसांच्या कर्जांच्या कागदांची नावे होती, कागद नव्हते. आम्ही आठ दिवस बसून त्यांना जमेल तेवढे जुळवून दिले आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. ती संस्था आता पुन्हा आमच्याकडे आहे. बाकीच्या 16 संस्थांपैकी कोणीही मूळ पापाविषयीचे ते बोलणे मागे घेतलेले नाही.

सध्या हॅशचे काम हातात आहे. 2017 च्या फेब्रुवारीत संशोधकांनी एकच शा-1 असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या, आणि गिटमध्ये 2020 च्या 2.29 आवृत्तीत शा-256 या 32 बाइटांच्या हॅशची सोय प्रायोगिक म्हणून आली. आमच्या टेबलात हॅश बरोबर 20 बाइटांचाच असावा अशी अट मीच घातली होती, आता ती 32 करून प्रत्येक ऑब्जेक्टचा हॅश नव्याने काढावा लागेल, आणि जुन्या हॅशचाही स्तंभ ठेवावा लागेल, कारण लेखापरीक्षण अहवालांत ते छापले गेले आहेत. हे काम मार्चमध्ये करायचे नाही, असे ठरले आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली संस्था घेऊ. तात्यांनी आपले नाव आधीच सांगून ठेवले आहे.