कोपनहेगनची ढगफुटी आणि दहा सेंटिमीटरचा हिशेब

डॅनिश भाषेत ढगाला ‘स्क्यू’ म्हणतात आणि फुटण्या-तुटण्याला ‘ब्रुद’. दोन्ही जोडले की होतो ‘स्क्यूब्रुद’, म्हणजे शब्दशः आपली ढगफुटी. शब्द जुळतो, माप मात्र जुळत नाही. इथल्या, म्हणजे डेन्मार्कच्या, हवामान खात्याच्या लेखी अर्ध्या तासात १५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस पडला की ती ढगफुटी. आपल्या हवामान खात्याची व्याख्या तासाला १०० मि.मी.ची आहे. कोकणातल्या माणसाला डॅनिश व्याख्या ऐकून हसूच येईल. आषाढात एवढी सर चहा उकळेपर्यंत येऊन जाते.

पण २ जुलै २०११ च्या शनिवारी संध्याकाळी कोपनहेगनच्या काही भागांत दोन-तीन तासांत १३० मि.मी.हून अधिक पाऊस कोसळला आणि विमा कंपन्यांना ५ ते ६ अब्ज क्रोनर मोजावे लागले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला होता. त्या मानाने हा पाऊस थोडा, मग नुकसान एवढे कशामुळे? तळघरांमुळे. इथल्या जुन्या इमारतींना सरसकट तळघर असते. धुलाईची खोली, भाडेकरूंच्या अडगळीच्या खोल्या, विजेचे पॅनेल, कुठे अर्धे जमिनीखाली गेलेले दुकान, सगळे तिथेच. शहराच्या जुन्या भागात पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो. गटार तुडुंब भरल्यावर पाण्याने सर्वांत खालचे तोंड शोधले, आणि ते तोंड म्हणजे तळघराच्या फरशीतली जाळी. जिन्यावरून पाणी उतरायच्या आधीच ते मैल्यासकट खालून वर आले. नंतरच्या साफसफाईत लेप्टोसुद्धा निघाला, तोच उंदरांच्या लघवीतून पसरणारा, मुंबईकरांच्या ओळखीचा रोग.

२०१२ मध्ये महापालिकेने ढगफुटी आराखडा मंजूर केला. साधारण २० वर्षांत सुमारे ३०० कामे करायची, असा त्याचा आवाका आहे. त्याचा गाभा मात्र एका आकड्यात आहे. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पाऊस झाला तरी, मुद्दाम पाणी साठवायला ठरवलेल्या जागा सोडल्या, तर रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढता कामा नये. नेहमीच्या गटारांसाठी जुनाच निकष कायम राहिला: दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसापर्यंत ती ओसंडायची नाहीत. या दोन निकषांच्या मधला सगळा पाऊस पाइपात कोंबायचा नाही, तो जमिनीवरून ठरलेल्या वाटेने न्यायचा. आमच्या मते या आराखड्यातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. रस्त्यावर पाणी येणार हे कबूल केले, आणि किती येणार ते लिहून ठेवले. मुंबईत चर्चा होते ती नाले तासाला २५ मि.मी. पाऊस वाहून नेतात की ५० मि.मी., याची. पाइप भरून गेल्यावर कोणत्या गल्लीत किती पाणी उभे राहिलेले चालेल, हे सहसा कोणी विचारत नाही.

आकडा ठरला की रस्त्याचा आकारही बदलतो. आपल्याकडे काय, इथे काय, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे पाणी फुटपाथला आणि मग दारांना लागते. ढगफुटीसाठी निवडलेल्या रस्त्यांवर हा उतार उलटा करतात. मध्यभाग खोलगट, कडा उंच. एरवी तिथून सायकली आणि गाड्या जातात, मोठ्या पावसात तोच रस्ता पात्र बनून पाणी बंदराकडे नेतो. जिथे उतारच नाही तिथे पाणी साठवायची जागा शोधावी लागते. वेस्टरब्रो भागातल्या एंगहावेपार्केन या जुन्या बागेचे काम २०१९ मध्ये पूर्ण झाले. तिच्यात २२,६०० घनमीटर पाणी मावते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २,२६० टँकर. छपरांचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग खोलगट केलेल्या मैदानात, आणि अगदीच वेळ आली तर सगळ्या बागेत. बागेभोवती बसायला येईल अशी बुटकी भिंत आहे, तीच त्या दिवशी बंधारा होते. एरवी त्या भिंतीवर आज्या-आजोबा आइस्क्रीम खात बसलेले असतात.

रस्त्यावर दहा सेंटिमीटर ही शहराची हमी असेल, तर घराच्या प्रत्येक तोंडाला निदान पंधराचा उंबरा हवा. तळघराकडे उतरणाऱ्या बाहेरच्या जिन्याला, उतरण्याआधी, एक पायरी वर चढवतात. तळघराच्या खिडकीसमोर उजेडासाठी जो चौकोनी खड्डा असतो, त्याची कड जमिनीपासून १५ सेंमी उचलून घेतात. काम एका दिवसाचे आणि किरकोळ खर्चाचे. तरीही ते सगळ्यात जास्त राहून जाते, कारण त्यात दाखवण्यासारखे यंत्र नसते.

यंत्र म्हणजे गटारावरची उलटझडप. गटाराचे पाणी मागे येऊ लागले की ती झडप मिटते. फरशीची जाळी आणि बेसिन एवढेच असेल तर दोन पाळ्यांची, म्हणजे उघडमीट करणाऱ्या दोन झाकणांची, साधी झडप चालते, त्यातली एक पाळी हाताने बंद करता यावी लागते. संडासाची लाइन असेल तर विजेवर चालणारी आणि अलार्म वाजवणारी झडप लागते, कारण मैल्याचा एखादा तुकडा पाळीत अडकला की ती पूर्ण मिटत नाही. हे काम इथे परवानाधारक गटार-मिस्त्रीनेच करायचे असते.

या झडपेची खरी गोम वेगळीच आहे. झडप मिटली की बाहेरचे पाणी आत येत नाही, हे खरे. पण आतलेही बाहेर जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यांची लाइन झडपेच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, जोडलेली असेल, तर तिसऱ्या मजल्यावर कोणी अंघोळ करत असताना ते पाणी तळघरातल्या जाळीतून वर येते. छपराचे पन्हळ अलीकडे जोडलेले असेल तर आणखी वाईट: ढगफुटी चालू, झडप बंद, आणि स्वतःच्याच छपराचे पाणी स्वतःच्या तळघरात. घरमालक मिस्त्रीला शिव्या घालतो की झडप चाललीच नाही. ती अगदी बरोबर चाललेली असते. म्हणून झडप फक्त तळघराच्या शाखेवर बसवायची आणि वरचे मजले व छप्पर तिच्या पलीकडे जोडायचे. तळघरातल्या जाळीची गरजच नसेल तर ती कायमची बुजवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. देखभालीचे म्हणाल तर वर्षातून दोनदा झाकण उघडून पाळी धुवायची. ओले टिश्यू आणि स्वयंपाकघरातले गोठलेले तेल हे तिचे दोन शत्रू.

आता छपराचे पाणी. ते गटारात सोडायचेच नाही असे घरमालकाने ठरवले, तर त्याने आधी भरलेल्या गटार-जोडणी शुल्काचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग परत मिळू शकतो. पाणी जिरवण्यासाठी अंगणात जो भूमिगत शोषखड्डा करतात त्याला इथे ‘फास्कीन’ म्हणतात. महापालिकेची परवानगी लागते. राहत्या घरापासून ५ मीटर, शेजाऱ्याच्या हद्दीपासून २ मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २५ मीटर अंतर ठेवायचे, शिवाय खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून निदान एक मीटर उंच हवा.

हिशेब सोपा आहे. एक मि.मी. पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. ६० चौरस मीटर छप्पर आणि ३० मि.मी.ची सर धरली तर १,८०० लिटर. प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या वापरल्या तर त्यांत साधारण ९५ टक्के पोकळी असते, म्हणजे ३.२ मीटर लांब, एक मीटर रुंद, ६० सेंमी उंच एवढी जागा पुरते. तेच खडी भरून करायचे तर पोकळी ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सहा घनमीटर, आपल्या भाषेत दोन ब्रासहून थोडी जास्त खडी. पेट्या महाग वाटतात, पण खोदाई आणि माती हलवण्याचा खर्च धरला की बहुतेक वेळा त्याच परवडतात.

हे झाले साठवणीचे. खड्डा रिकामा किती वेळात होतो, ते मातीवर ठरते. तळ हळूहळू गाळाने बुजतो, म्हणून पाणी फक्त बाजूंनी मुरते, आणि पातळी उतरत जाते म्हणून बाजूंचीही सरासरी निम्मीच उंची कामी येते, असे धरणे शहाणपणाचे. तासाला ३६ मि.मी. पाणी शोषणारी माती असेल तर वरचा खड्डा साधारण २० तासांत मोकळा होतो. तासाला ३.६ मि.मी. असेल तर आठ दिवसांहून जास्त लागतात, आणि मधे दुसरी सर आली की खड्डा असून नसल्यासारखा. कोपनहेगनखाली बव्हंशी हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकण माती आहे, त्यामुळे ही परीक्षा इथे चुकवता येत नाही. पेट्यांचा तळ जिथे येणार त्या खोलीवर २५ सेंमी लांब-रुंद भोक खणायचे, आधी तासभर पाणी ओतत राहून माती भिजवायची, आणि मग पातळी किती मिनिटांत किती उतरते ते मोजायचे. कोरड्या मातीत मोजले तर आकडा नेहमी सुखावणारा येतो. भोकाच्या बाजूही पाणी पितात, त्यामुळे उतरलेली पातळी म्हणजे मातीचा खरा वेग नव्हे; तो त्याहून कमी असतो आणि हिशेबात तसा कमी करून घ्यावा लागतो.

बिघडते ते दोन ठिकाणी. पन्हळ आणि खड्डा यांच्या मध्ये गाळ बसण्याची छोटी विहीर नसेल तर शेवाळ, पाने आणि कौलांची भुकटी थेट पेट्यांत जाते, आणि पेट्या उकरून धुता येत नाहीत. दुसरे, पेट्यांभोवती गुंडाळायचे, पाणी सोडणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड जोडावर ३० सेंमी एकावर एक न घेता नुसते टेकवले की त्या फटीतून माती आत घुसते. दोन-तीन हिवाळ्यांत वरची हिरवळ खचते, तेव्हा कळते.

रस्त्यावरच्या पाण्याला हे नियम लागत नाहीत, कारण त्यात मीठ असते. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. माती तेल, धूळ, जड धातू बऱ्यापैकी अडवते, पण मीठ अडवत नाही. ते सरळ खाली भूजलात उतरते, आणि डेन्मार्कमध्ये नळाला येणारे पाणी हे भूजलच आहे. म्हणून ओस्टरब्रोमधल्या टोसिंगे प्लाद्ससारख्या चौकात छपराचे पाणी आणि रस्त्याचे पाणी वेगवेगळे हाताळतात. छपराचे पाणी मुलांना खेळायलाही मिळते. उलट्या छत्र्यांसारखी शिल्पे आहेत तिथे, पाऊस झेलणारी. रस्त्यालगतच्या पाऊसबागेत, म्हणजे पावसाचे पाणी वळवून जिरवायच्या बागेत, मात्र मीठ सोसणारी झाडेच लावावी लागतात. अशा बागेला पाणी जाते ते कर्बमध्ये, म्हणजे रस्त्याच्या उंच कडेत, ठेवलेल्या खाचेतून. खाचेच्या आतली माती रस्त्यापेक्षा चार-पाच सेंमी खाली ठेवायची असते. माळी ती हौसेने समपातळीत भरतो, मग पानांचा थर बसतो, आणि पाणी खाचेशी येऊन पुढे निघून जाते. बाग हिरवीगार, आणि तिच्यात रस्त्याचा एक थेंब नाही, असे दृश्य इथेही दिसते.

शिकायला किंवा नोकरीला इथे येणाऱ्यांनी एवढे करावे: तळघरातल्या खोलीत बॅगा फरशीवर ठेवू नयेत, रॅकवर ठेवाव्यात. घरसामानाच्या विम्यात वस्तू जमिनीपासून किती उंच हव्यात याची अट असू शकते, आणि ढगफुटीची व्याख्याही विमा कंपनीची स्वतःची असते. सही करण्याआधी ती दोन कलमे वाचावीत.

यातले घरी काय नेता येईल? कोपनहेगनच्या समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच आहे, त्यामुळे रस्त्यावरून पाणी बंदरात सोडून देता येते. मुंबईत भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडेच समुद्राखाली जातात. तिथे पाणी काही तास धरून ठेवायला जागा लागते, आणि हिंदमाता या सखल भागाचे पाणी परळच्या मैदानाखालच्या टाक्यांत नेण्याचा मुंबई महापालिकेचा प्रयोग त्याच जातीचा आहे. शोषखड्डा कोकणातल्या जांभ्यात चांगला चालतो. काळ्या मातीत, पायाशेजारी, करूच नये: ती पाणी घेऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि भिंतीला तडा जातो. पुण्यात दोन-तीन फुटांवर मुरूम किंवा खडक लागतो, तो फुटलेला आहे की सलग, हे खणल्याशिवाय सांगता येत नाही. आणि इथल्या पाऊसबागेत पाणी दोन दिवस राहिले तरी कोणी बोलत नाही. आपल्याकडे डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा उघड्या खड्ड्यातले पाणी ४८ तासांत गेलेच पाहिजे. बंदिस्त टाकीच्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी, ओव्हरफ्लोच्यासुद्धा. ती एक नेमकी विसरली जाते.